खातेवही आणि पुस्तक

तलासरी तालुक्यातलं वेवजी हे महाराष्ट्राच्या अगदी काठावरचं गाव. शीव ओलांडली की सोलसुंबा लागतं, आणि ते गुजरातमध्ये आहे. १९६० च्या आधी हा सगळा टापू ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यात होता. १ मे १९६० ला राज्यं वेगळी झाली, तालुका दुभंगला आणि दोन गावांमधली शीव ही दोन राज्यांची सीमा झाली. ती नेमकी कुठून जाते यावरून अलीकडेही वाद निघाला आणि मोजणीची मागणी झाली. शिवेच्या दोन्ही अंगांना वारली राहतात. त्यांची बोली, त्यांचे देव आणि त्यांच्या सोयरिकी या रेघेशी थांबत नाहीत. पण पोरांची शाळा कुठल्या भाषेत आणि जमिनीचा उतारा कुठल्या सरकारचा, हे मात्र या रेघेवरच ठरतं. बाहेरच्या कोणीतरी लिहावं आणि इथल्या माणसांनी ते भोगावं, हा या भागाचा जुना परिपाठ आहे. त्यामुळे इथल्या माणसांवर पुस्तक लिहिणाऱ्याला एक साधा प्रश्न इतर लेखकांपेक्षा जास्त लागू पडतो: हे तुम्हाला कळलं कसं?

लेखकाने आपल्या पुस्तकामागची गोष्ट सांगणं मराठीला नवं नाही. मनोगत, प्रस्तावना, ऋणनिर्देश, पुरस्काराच्या वेळचं भाषण, दिवाळी अंकातला लेखनप्रक्रियेवरचा लेख अशी तिची अनेक रूपं आहेत. वाचक ती जेवणानंतरच्या विड्यासारखी घेतो. मिळाली तर बरी, नाही मिळाली तरी काही अडत नाही. दुसऱ्यांच्या आयुष्यावर लिहिलेल्या पुस्तकांच्या बाबतीत ही समजूत चुकीची आहे, असं मला वाटतं. तिथे पुस्तकामागची गोष्ट हा पुरावाच असतो. वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधनें’चा पहिला खंड काढला आणि पुढे हे काम बावीस खंडांपर्यंत नेलं. या खंडांइतक्याच त्यांच्या प्रस्तावनाही गाजल्या. कागद कुठून आले, ते किती विश्वासाचे आणि त्यांतून काय निघतं याची चर्चा ते वाचकासमोर उघडपणे करत. त्यांचे कितीतरी निष्कर्ष पुढच्या अभ्यासकांनी खोडून काढले. पण ते खोडता आले, कारण राजवाड्यांनी आपली वाट दाखवून ठेवली होती. दप्तरातल्या कागदावर उभ्या असलेल्या पुस्तकाला आपण ही शिस्त लावतो. मग माणसांच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टींवर उभ्या असलेल्या पुस्तकाला ती का लावू नये? कागद निदान दप्तरात राहतो आणि पुन्हा काढून पाहता येतो. बोललेला शब्द एकदा लेखकाच्या वहीत गेला की बोलणाऱ्याकडे त्याची नक्कल उरत नाही.

डहाणू-तलासरीत या प्रश्नाला आणखी एक धार आहे. गेल्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात इथल्या वारल्याची लिहिण्याशी ओळख झाली ती सावकाराच्या वहीतून. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की तो सावकाराकडून खावटी घेई आणि पीक आल्यावर वाढीव दराने फेडी. लग्नासाठी कर्ज काढलं की नवराबायको दोघंही जमीनदाराच्या घरी राबायला बांधली जात. त्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. किती फिटलं आणि किती उरलं हे वही सांगे, आणि वही वाचणारा एकटा सावकार असे. वारल्याच्या हाती होता तो फक्त अंगठा. यावर वेठ असे ती वेगळीच. जमीनदाराच्या शेतावर आणि घरी, शिवाय दौऱ्यावर आलेल्या सरकारी माणसांसाठीही बिनमोलाने राबायचं आणि नकार दिला तर मार खायचा. अशा ठिकाणी लेखणी हे निष्पाप हत्यार उरत नाही. वारल्यांच्या भल्यासाठी लिहिणाऱ्यानेही हातात घेतली ती सावकाराचीच वस्तू. दोघांत फरक पडतो तो लिहिणारा आपली वही उघडी ठेवतो की मिटून, एवढ्यानेच.

या कसोटीला लावायचं पहिलं पुस्तक अर्थातच गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’. ते १९७० साली प्रसिद्ध झालं आणि १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. पुण्याच्या गोखले घराण्यातली, कायद्याची पदवी घेतलेली आणि भारत सेवक समाजात काम केलेली ही बाई पती शाम परुळेकरांबरोबर किसान सभेच्या कामाला लागली. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली आणि तिथे उंबरगाव तालुक्यातले काही वारली आले होते. २३ मे १९४५ रोजी आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावी सुमारे पाच हजार वारली जमले आणि वेठ करायची नाही असं त्यांनी ठरवलं. त्या पावसाळ्यानंतर गवतकापणीचा संप झाला. इथलं गवत गासड्या बांधून मुंबईच्या तबेल्यांकडे जाई. ते कापणाऱ्यांनी पाचशे पौंड गवतामागे अडीच रुपये मागितले. १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड याच्यासह पाच जणांचा जीव गेला. हा इतिहास इतर पुस्तकांतही सापडतो. गोदावरीबाईंच्या पुस्तकात जास्तीचं आहे ते त्यांचं स्वतःचं तिथे असणं. पुस्तक प्रथमपुरुषी आहे. शहरात वाढलेली एक बाई पाड्यापाड्यांतून पायी फिरते आणि लोकांची भाषा व त्यांची भीती हळूहळू समजून घेते, हे त्यात कथानकाचाच भाग म्हणून येतं. ही माहिती कुठल्या वाटेने आली याचं उत्तर वाचकाला वेगळ्या मनोगतात शोधावं लागत नाही. ते पानापानांत विखुरलेलं आहे.

यावर पहिला आक्षेप असा की ही बाई पक्षकार होती. जी चळवळ तिने उभी केली तिचीच ती साक्षीदार, मग तिच्या शब्दाला किती किंमत द्यायची? आक्षेप रास्त आहे, पण तो घेता येतो तो तिने आपली बाजू लपवली नाही म्हणूनच. तटस्थतेचा आव आणून लिहिलेल्या पुस्तकावर हा आक्षेप घ्यायला आधी लेखकाची बाजू हुडकून काढावी लागते. शिवाय पक्षकाराचं म्हणणं ताडून पाहायची सोय असेल तर त्याचा पक्षपात आपोआप उघडा पडतो, आणि इथे तशी सोय आहे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारने डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याकडून आदिवासी भागांच्या स्थितीवर अहवाल करून घेतला होता. सिमिंग्टन किसान सभेच्या लाल बावट्याचा माणूस नव्हता, आणि झरीची सभा तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हती. तरी सक्तीची मजुरी, कर्जाचा फास आणि जमीनदारांची मारझोड यांचं त्याने केलेलं वर्णन गोदावरीबाईंच्या वर्णनाशी जुळतं. राज्यकर्त्यांचा अधिकारी आणि राज्यकर्त्यांनी तुरुंगात घातलेली बाई, दोघं वेगवेगळ्या वाटांनी येऊन एकच गोष्ट सांगत असतील तर ती गोष्ट पक्षपाताच्या पलीकडे गेली असं धरायला हरकत नाही. दोघं जिथे जुळत नाहीत, किंवा जिथे फक्त एकच साक्षीदार आहे, तिथे वाचकाने हात राखून वाचावं. तलवाड्याला एवढा जमाव का जमला आणि त्याला बोलावलं कोणी, यावर सरकारची बाजू आणि चळवळीची बाजू वेगळी आहे. लेखिका कुठल्या बाजूची हे ठाऊक असलेला वाचक ते पान कसं वाचायचं हे स्वतःच ठरवू शकतो.

दुसरा आक्षेप आठवणीचा आहे. झरीची सभा १९४५ ची आणि पुस्तक १९७० चं. मधल्या पंचवीस वर्षांत घटना धूसर होतात, संवाद सुबक होतात, पराभव गळतात आणि विजय वाढतात. कुठल्याही आठवणीच्या पुस्तकाचा हा धर्मच आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. इथेही उपयोगी पडतो तो मागचा ऐवज. शाम परुळेकरांची ‘रिव्होल्ट ऑफ द वारलीज’ ही इंग्रजी पुस्तिका १९४७ सालची, म्हणजे घटना ताज्या असतानाची. दोन्ही शेजारी ठेवली की तेव्हा काय महत्त्वाचं वाटत होतं आणि पंचवीस वर्षांनी काय महत्त्वाचं वाटलं, हे दिसतं. पुस्तिकेला तातडी आहे. मागण्या, संप आणि दडपशाही जगापुढे मांडायची आहे. पुस्तकाचा कल त्याच्या नावातच आहे. मजुरी वाढली यापेक्षा मान खाली घालून जगणारा माणूस उभा राहिला, हे त्याला जास्त सांगायचं आहे. हा कल पंचवीस वर्षांच्या अंतरातून आला असणार. अंतरामुळे तपशील पुसट होतो आणि अर्थ ठळक होतो. वाचकाला दोन्ही हवे असतात, फक्त कुठे काय मिळेल हे त्याला कळलं पाहिजे. म्हणून पुस्तकातली तारीखवार माहिती जितकी महत्त्वाची, तितकंच ते केव्हा लिहिलं गेलं हेही महत्त्वाचं.

याच माणसांकडे वेगळ्या प्रश्नांनी पाहणारी पुस्तकंही आहेत. के. जे. सावे यांचा ‘द वारलीज’ हा इंग्रजी ग्रंथ १९४५ चा, म्हणजे नेमका झरीच्या सभेच्या वर्षीचा. त्याचा विषय वारल्यांची कुळं, चालीरीती, देवधर्म आणि समजुती. यशोधरा दालमिया यांचं ‘द पेंटेड वर्ल्ड ऑफ द वारलीज’ १९८८ मध्ये ललित कला अकादमीने काढलं. ते डहाणूच्या भागातल्या भिंतींवरच्या चित्रांपासून सुरू होतं आणि लग्नविधी, गाणी, भगत, पालघट देवी यांच्यापर्यंत पोचतं. अनुताई वाघांच्या ‘कोसबाडच्या टेकडीवरून’मध्ये तोच मुलूख बालशिक्षिकेच्या नजरेतून दिसतो. ताराबाई मोडकांबरोबर १९४५ मध्ये बोर्डीला सुरू केलेलं काम कोसबाडला नेताना शाळा मुलांच्या दारात, अगदी गुरं चारायच्या कुरणातही न्यावी लागते, हे त्यांना उमगलं होतं. एकाच टापूतली ही माणसं एका पुस्तकात शोषित मजूर आहेत, दुसऱ्यात विधी जपणारी जमात, तिसऱ्यात चित्रकार आणि चौथ्यात शाळेच्या वाटेवरची मुलं. यातलं कुठलंही खोटं नाही. पण एकच पुस्तक हाती आलेल्या वाचकाला तेवढंच पूर्ण सत्य वाटेल. मी काय विचारायला गेलो होतो हे लेखकाने सांगितलं, तरच त्याने काय विचारलं नाही याचा अंदाज बांधता येतो. दिवाणखान्यातल्या कपबशीवर तारपा नाच पाहणाऱ्या शहरी माणसाला वारली म्हणजे आनंदात नाचणारे निरागस लोक वाटतात. त्याने गवतकापणीच्या संपाविषयीचं पान वाचलेलं नसतं.

इथे कोणी म्हणेल की हे सगळं इतिहासाला आणि अभ्यासग्रंथांना ठीक. कथा-कादंबरीला हा जाच कशाला? कादंबरी आपल्या पायांवर उभी राहिली पाहिजे, स्वयंपाकघर दाखवून पदार्थाची चव वाढत नाही. यात बरंच तथ्य आहे. कल्पित पात्राचा पत्ता विचारणं हा अडाणीपणा होईल. तरी खऱ्या समूहाचं आयुष्य घेऊन लिहिलेल्या कादंबरीवर त्या समूहाचंही थोडं देणं असतं, आणि चांगले लेखक ते आपापल्या परीने चुकतं करतात. महाश्वेता देवींनी बिरसा मुंडावरच्या ‘अरण्येर अधिकार’ या १९७७ च्या बंगाली कादंबरीसाठी कुमार सुरेश सिंह यांच्या संशोधनाचं ऋण मोकळेपणाने मान्य केलं. त्यामुळे कादंबरीचं काही कमी झालं नाही. उलट कुठे संशोधन संपलं आणि कुठे कल्पना सुरू झाली हे पाहायची वाट खुली राहिली. कविता महाजनांनी ‘ब्र’ या २००५ च्या कादंबरीत वेगळी युक्ती केली. तिची नायिका प्रफुल्ला स्वयंसेवी संस्थेत काम करते आणि आदिवासी भागातल्या पंचायतींमध्ये निवडून आलेल्या बायकांना भेटत फिरते. माहिती गोळा करणं हेच कथानक झालं. ऐकणारी बाई किती तयारीची आणि किती अजाण आहे, समोरची बाई तिला काय सांगते आणि काय गिळून टाकते, हे कादंबरीच्या आतच दिसतं. याच लेखिकेने वारली लोकगीतंही गोळा केली. वारली बोलीला कान देणाऱ्या लेखिकेच्या कादंबरीचा वेगळेपणा वाचकाला कळतो तो या मागच्या खटाटोपामुळे.

सगळ्यात बोचरा आक्षेप वेगळाच आहे. लेखक आपल्या प्रेरणेविषयी जे सांगतात ते बहुधा पुस्तक गाजल्यावर सुचलेलं असतं. एखादा चेहरा झोप उडवून गेला, एखादं वाक्य वर्षानुवर्षं पाठ सोडेना, अशा कहाण्या समारंभात टाळ्या घेतात. त्यांचा पुरावा मात्र कोणी मागू शकत नाही. हे मला पूर्ण मान्य आहे. म्हणून पुस्तकामागच्या गोष्टीत दोन जिनसा वेगळ्या कराव्यात: प्रेरणा आणि पडताळा. प्रेरणा ही लेखकाची खाजगी मिळकत. ती सांगितली तर ऐकावी, नाही तर सोडून द्यावी. पडताळ्यावर मात्र वाचकाचा हक्क आहे. किती काळ तिथे राहिलात, कुठल्या भाषेत बोललात, मध्ये दुभाषी होता का, पुरुषांशीच बोललात की बायकांशीही, कोणी बोलायला नकार दिला, ऐकलेलं पुन्हा कोणाला वाचून दाखवलं का? या प्रश्नांना भावनेचा गहिवर लागत नाही, चार सरळ वाक्यं पुरतात. आपल्याकडच्या मनोगतांचं दुखणं असं की त्यांत पहिली जिन्नस पोतंभर असते आणि दुसरी चिमूटभर. ऋणनिर्देशात प्रकाशक, मुद्रितशोधक, मुखपृष्ठकार आणि घरची मंडळी येतात. ज्यांनी रात्र रात्र बसून सांगितलं, ते ‘असंख्य ज्ञात-अज्ञात’ या दोन शब्दांत मावतात.

यावर खरा व्यावहारिक पेच आहे तो जिवाचा. नाव छापलं म्हणून कोणाला मार पडला, काम गेलं, जमीन गेली तर त्याची भरपाई पुस्तक करू शकत नाही. १९४५ च्या उंबरगावात जमीनदाराविरुद्ध बोलणाऱ्याचं नाव उघड करणं म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणं होतं. आजही वाळूचा, जमिनीचा किंवा जंगलाचा व्यवहार सांगणाऱ्याला तीच धास्ती असते. पण पडताळा देण्यासाठी माणूस उघडा पाडावा लागत नाही. नाव बदललं आहे हे सांगता येतं, का बदललं हेही सांगता येतं आणि तरी किती जणांशी, कुठल्या परिस्थितीत, कुठल्या बोलीत बोलणं झालं ते लिहिता येतं. माणसाला झाकणं वेगळं आणि पद्धत झाकणं वेगळं. पहिल्यात सांगणाऱ्याचं रक्षण होतं, दुसऱ्यात बहुतेक वेळा लेखकाचंच.

वही उघडी ठेवण्याचा फायदा दिसतो तो पुढच्या पिढीत. इंद्रा मुन्शी सलढाणा यांनी १९८६ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त वारली उठावातल्या बायकांवर निबंध लिहिला. वर्गाच्या चौकटीतून पाहणाऱ्या डाव्या दृष्टीला स्त्रियांचा प्रश्न कितपत दिसला, असा त्यांचा सवाल होता. अर्चना प्रसाद यांनी २०१७ मध्ये या भागातल्या लाल बावट्याचा इतिहास पुस्तकरूपाने मांडला आणि तो उठावापाशी न थांबवता पुढे आणला. गोदावरीबाईंच्या पुस्तकावर हे प्रश्न उभे करता येतात, कारण लेखिका कोण, कुठून आली आणि कुठल्या विचाराने आली हे त्यात स्वच्छ आहे. टीका झाली म्हणून ते पुस्तक मोडीत निघालं नाही. लोक त्यावर आजही वाद घालतात, आणि पुस्तक जिवंत असल्याची याहून चांगली खूण कोणती? ज्या पुस्तकाला कुठून धरावं हेच कळत नाही, त्याची आरती तेवढी होते आणि मग ते फडताळात जातं.

आता वारली घरांतली शिकलेली मुलंमुली स्वतः लिहू लागतील तेव्हा हा प्रश्नच उरणार नाही, असंही म्हटलं जाईल. तो उरेल, फक्त सौम्य होईल. आपल्याच माणसांवर लिहिणाराही सगळ्यांच्या वतीने बोलू शकत नाही. शिकलेल्या पोराला आजीचं धवलगीत पूर्ण कळतंच असं नाही, आणि झरीजवळ वाढलेल्याला जव्हारकडची रीत माहीत असतेच असंही नाही. पण त्यांच्या घरात लिहिण्याची एक रीत आधीपासून आहे आणि ती बाहेरच्या लेखकांनीही पाहण्यासारखी आहे. वारल्यांत लग्नाचा चौक ‘लिहिला’ जातो. सवासिनी तांदळाच्या पिठाने गेरूच्या भिंतीवर तो लिहितात, आणि लिहिताना घरात माणसं असतात, गाणी चालू असतात. कुठली रेघ कोणी ओढली हे घरादाराने पाहिलेलं असतं. चुकली तर तिथल्या तिथे सांगणारं कोणीतरी असतं. सावकाराची वही कुलपात लिहिली जाई. पुस्तकही बंद दाराआड, ज्यांच्याविषयी आहे त्यांच्यापासून लांब, एकट्याने लिहिलं जातं. त्याला इलाज नाही. म्हणूनच पुस्तकाला चार पानं अशी लागतात की जिथे दार उघडं राहील आणि वेवजीच्या एखाद्या वाचत्या पोरीला आत डोकावून म्हणता येईल, ही रेघ चुकली.